मिस्टर नाही आले?

नाताळच्या सुट्टीत कोकणात जायचं हा आमच्या घरचा नेम. यंदा नेम तोच राहिला, गाडीतली माणसं बदलली. स्टिअरिंगवर मी, शेजारी आई आणि मागे नववीतला मुलगा, कानात हेडफोन घालून.

आमचा घटस्फोट गणपतीच्या आधी झाला. परस्पर संमतीने झाला, त्यामुळे सांगण्यासारखं भांडण त्यात काही नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिने थांबायला सांगितलंय. मन बदललं तर बदलू द्यावं, हा हेतू. आमचं काही बदललं नाही. मी मात्र त्या काळात ड्रायव्हिंगचे क्लास लावले. लायसन्स कॉलेजात असतानाच काढलं होतं, पण लग्नानंतर गाडी कायम त्यानेच चालवली.

ताम्हिणी उतरणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. खरी परीक्षा माणगावात. सुट्ट्या लागल्या की मुंबई-गोवा महामार्ग तिथे तुंबतो आणि ज्यांना फक्त म्हसळ्याच्या रस्त्याला लागायचंय तेही त्यात भरडले जातात. क्लच-ब्रेक करून पाय भरून आला. आई शेजारी बसून लाह्यांचा चिवडा खात होती आणि बाजूच्या एसटीतल्या बाईशी खिडकीतून गप्पा मारत होती.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा भरती होती. तिथली प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, कारण वाट पायऱ्यांवरून थेट खाली समुद्राकाठच्या खडकात उतरते. तरी भरतीच्या वेळी सेल्फीसाठी खाली जाणारे महाभाग दिसतातच. आम्ही सकाळी गेलो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकाला जाळीसारखी भोकं पाडलीत. मुलगा हेडफोन काढून बराच वेळ त्यांत बोटं घालत बसला. निघताना ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी विचारलं, "साहेब मागून येतायत का?"

"कामात आहेत," मी म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिशव्या मोजायला लागली.

बागमांडल्याहून वेसवीला गाडी घेऊन सावित्रीची खाडी ओलांडायची ती जंगलजेट्टीतून, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीतून. गाडी चालवणाऱ्या बाईला पाहून तिथल्या पोऱ्याने आपला आवाज दुप्पट केला. "वैनी, सरळ! चाक सरळ! अजून पुढे, अजून..." पुढच्या गाडीच्या बंपरला जेमतेम वीतभर अंतर राहिलं तेव्हा त्याने हात वर केला आणि आत डोकावून म्हणाला, "मिस्टर खाली उतरले काय?" नवरा खाली उतरून हातवारे करतो आणि बायको आत बसते, असंच तो रोज बघत असणार.

"नाही आले," मी म्हणाले. एवढ्याने भागलं.

वेळासला मुलाला कासवं बघायची होती. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, पण पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे डिसेंबरअखेर दिसतं ते जाळीचं कुंपण आणि त्याच्या आत वाळू. मुलगा वैतागला. मग वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, हे त्याने मोबाइलवर वाचून आम्हाला ऐकवलं आणि दिवस वसूल केला.

केळशीला एका वाडीत जेवलो. वालाची उसळ, भात, सोलकढी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्यांच्या बहुतेक पोफळी मोडून पडल्या होत्या. यजमानांनी पुन्हा पोफळीच लावली. तिला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. "पुन्हा तेच का लावलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "दुसरं काय लावणार? सावली झाली की खाली जायफळ आलं, वर मिरीचा वेल चढवला." यातून काहीतरी बोध घ्यावा असं क्षणभर मनात आलं होतं, पण ते लगेच खतांच्या भावावर गेले आणि ते बरंच झालं.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. होड्या उथळ पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून माल किनाऱ्यावर आणतात. आईला लिलावाशी देणंघेणं नव्हतं. ती थेट कोळणीसमोर उकिडवी बसली, बांगड्याच्या वाट्यावरून घासाघीस केली आणि जिंकली. त्या कोळणीनेही विचारलंच, "जावई कुठायत?" आई म्हणाली, "आता नाहीयेत जावई. दोन बांगडे वर घाल." मी बाजूलाच उभी होते. वर्षभर नातेवाइकांच्या फोनवर आई हेच वाक्य टाळत होती. इथे ते बांगड्यांच्या ओघात निघून गेलं, आणि वर दोन बांगडेही मिळाले.

दाभोळहून धोपाव्याला पुन्हा जंगलजेट्टी. २००३ साली ही सेवा सुरू होण्याआधी दापोलीहून गुहागरला गाडीने जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा पडायचा. या वेळी पोऱ्याने ओरडायच्या आत मी गाडी जागेवर लावली. वाशिष्ठीच्या मधोमध मुलाने बाबाला व्हिडिओ कॉल केला. "गाडी कोण चालवतंय? आजी?" पलीकडून प्रश्न आला. आम्ही तिघंही हसलो. तोही हसला. भांडण नव्हतं म्हणते ते यासाठी.

गुहागरच्या काकूंकडे आम्ही पूर्वीही राहिलो होतो, म्हणजे त्या त्याला ओळखत होत्या. रजिस्टर पुढे सरकवत त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, "काकू, आम्ही वेगळे झालो." त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग जेवायला तीन पानं. मोदक किती सांगू?"

मला तिथे रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही; भूक लागली होती. व्याडेश्वराला जाऊन आलो आणि सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो. आईला मऊ वाळूत चालवेना, म्हणून ओल्या वाळूच्या कडेने चाललो.

एकतीस तारखेची गर्दी सुरू व्हायच्या आत कुंभार्ली घाटाने वर आलो. आईला कराडला सोडलं. काकूंकडून कोकमाच्या आगळाच्या बाटल्या घेतल्या होत्या, त्यातली एक मुलगा बाबाकडे घेऊन गेला. आमच्याकडे सोलकढी नेहमी तोच करायचा. आता मलाही करावी लागणार. आईने फोनवर कृती सांगितली: नारळाचं पहिलं दूध घट्ट ठेव, लसूण कमी घाल, आणि मीठ घालायच्या आधी चव बघ, आगळात असतंच.