कुणावाचून अडत नाही म्हणे

गुरुवार, रात्री

आज मीटिंगमध्ये पत्र्याचे साचे, म्हणजे डाय, प्रेसवर बसवून जुळवणाऱ्या आमच्या डायफिटर काकांच्या राजीनाम्याचा विषय एचआरच्या साहेबांनी चहा संपायच्या आत निकालात काढला. "कुणावाचून कुणाचं अडत नाही. जाहिरात टाका, ढिगानं बायोडाटा येतील." येतील, त्यात खोटं काही नाही. भोसरीत फिटरला काय तोटा! आयटीआयचा टूल अँड डाय मेकरचा कोर्स २ वर्षांचा. त्यातली बरीच पोरं चांगली तयारीची असतात. माझी शंका पोरांवर नाही, साहेबांच्या हिशेबावर आहे.

दुपारी मुद्दाम काकांच्या प्रेसपाशी जाऊन उभा राहिलो. ब्रॅकेटचा बेंडिंग डाय चढवला होता. पत्रा ९० अंशांत वाकवला तरी दाब सुटला की थोडा उघडतो. हा स्प्रिंगबॅक शिकाऊ पोरालाही ठाऊक असतो. पण किती उघडेल, ते पत्र्याच्या प्रत्येक कॉइलगणिक, म्हणजे गुंडाळीगणिक बदलतं, ग्रेड तीच असली तरी. काकांनी पहिला पीस काढला, गुण्या लावून उजेडाकडे धरला, फट बघितली. खिशातून शिमची, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी काढून डायमधल्या सुट्या तुकड्याखाली, इन्सर्टखाली सरकवली. पुढचा पीस बरोबर. ड्रॉइंगमध्ये त्या शिमचा पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाले, "ब्लँकिंगच्या आवाजावरनंच कळलं होतं सर, कॉइल कडक आहे." ब्लँकिंग म्हणजे वाकवायच्या आधी पत्र्यातून तुकडा कापणं.

हिंजवडीतला आयटीवाला मेहुणा सांगतो, जुन्या जाणत्या माणसांचं त्यांच्याकडेही हेच. २०२० च्या एप्रिलमध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी संगणकाची भाषा येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीरपणे सांगावं लागलं होतं.

काका गेले म्हणून प्रेस थांबणार नाही. नवा गडी शिकेल. तोवर भंगारात जाणारे ब्रॅकेट क्वालिटीच्या खात्यात पडतील, रविवारचा ओव्हरटाइम प्रॉडक्शनच्या, चाकणला उशिरा पोचलेली गाडी डिस्पॅचच्या. काकांनी मागितलेली पगारवाढ मात्र एकाच रकान्यात ठळक दिसते, म्हणून तीच खुपते.

काकाही काही कमी नाहीत म्हणा. हेल्परला डायला हात लावू देत नाहीत, वहीत एक ओळ लिहीत नाहीत.

नोटिशीचा महिना चालू झालाय. उद्या साहेबांना सांगणार आहे, माणूस घ्यायचाच तर आत्ता घ्या, काकांच्या शेजारी उभा करा. दोन पगार कशाला, असं विचारतीलच.