मोंढ्यातली पट्टी अन् दहा हजार खिडक्या

परवा गावाकडच्या एका पोराचा मेसेज आला, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सी शार्प भाषेत विंडोज फॉर्म्स वापरून प्रोग्रॅम करतोय, म्हणजे विंडोजवरच्या खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम, त्यात फॉर्म म्हणजे एक खिडकी आणि लेबल म्हणजे तिच्यावरचा मजकूर. "दादा, फॉर्म दोनमधून फॉर्म एकवरचं लेबल बदलायलोय, एरर बी येईना अन् लेबल बी बदलेना." वाचून हसू आलं, कारण बारा वर्षांपूर्वी लातूरला खोलीवर राहायचो तेव्हा मी हेच करून दोन रात्री घालवल्या होत्या आणि शेवटी कॉम्प्युटरलाच शिव्या देऊन झोपलो होतो. त्याला फोनवर समजावून सांगितलं, पण फोन ठेवल्यावर वाटलं की रेफरन्स म्हणजे काय आणि कंट्रोल म्हणजे काय हे एकदा नीट लिहून ठेवावं, सोबत मामाच्या दुकानाची गोष्ट पण, कारण तिच्यावाचून मला स्वतःलाच हा विषय समजला नसता.

तर त्या पोरानं काय केलं होतं, फॉर्म दोनमध्ये लिहिलं न्यू फॉर्म वन, आणि त्याच्या लेबलमध्ये मजकूर टाकला. आता न्यू म्हणजे नवीनच की रे बाबा! समोर स्क्रीनवर जो फॉर्म उघडा आहे त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हा दुसराच फॉर्म मेमरीत तयार झाला, त्याच्या लेबलचा मजकूर खरंच बदलला, फक्त तो फॉर्म कुणी दाखवलाच नाही. मग एरर कशाला येईल? काम तर झालंय, भलत्याच ठिकाणी झालंय. म्हणजे दुसऱ्या शिवारात जमीन घेऊन तिथं सोयाबीन पेरायचं आणि आपल्या वावरात उभं राहून उगवण का होईना म्हणून डोक्याला हात लावायचा.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कॉलेजात आम्हाला रेफरन्सची व्याख्या "रेफरन्स म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता" अशी पाठ करायला लावली होती, तोंडी परीक्षेत म्हणून दाखवली की मार्क मिळायचे, डोक्यात काही शिरायचं नाही. मला ते सातबाऱ्यानं समजलं. जमीन म्हणजे ऑब्जेक्ट, आपल्या हातातलं व्हेरिएबल म्हणजे उतारा. उताऱ्याच्या दहा झेरॉक्स काढल्या म्हणून जमीन दहा पट होत नाही (झाली असती तर तलाठी ऑफिसात उभं राहायला जागा मिळाली नसती), आणि उतारा फाडून टाकला म्हणून जमीन जागची हलत नाही. सी शार्पमध्ये टेक्स्टबॉक्स अ बरोबर ब असं लिहिलं तर दुसरा टेक्स्टबॉक्स बनत नाही, त्याच टेक्स्टबॉक्सचा दुसरा उतारा निघतो. त्या पोराला एवढंच करायचं होतं की फॉर्म एकनं फॉर्म दोन उघडताना धिस लिहून स्वतःचाच उतारा त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे तो बरोबर त्याच वावरात जातो.

आणि उतारा कोराच असेल तर? तर ते सगळ्यांच्या ओळखीचं वाक्य येतं, ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट. व्हेरिएबलला नाव आहे, प्रकार आहे, पण त्याच्यामागं जमीनच नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत हा नल रेफरन्स, म्हणजे कोरा उतारा, आणला आणि २००९ मध्ये भर परिषदेत ही आपली अब्ज डॉलरची चूक होती असं स्वतःच कबूल केलं. एवढा मोठा माणूस जाहीर कबुली देतो, आणि आपल्याकडं सबमिशनच्या दिवशी कोडवर नुसती ट्राय-कॅचची, म्हणजे एरर पकडून दाबून टाकणाऱ्या कोडची, गोधडी टाकून मोकळं होतात, जाऊ द्या.

आता व्ह्यू आणि कंट्रोल, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या वस्तू. यात गोंधळ असा की प्रत्येक गावात नावं वेगळी. मॅकवर एनएसव्ह्यू हा मूळपुरुष, स्क्रीनवरचा एक चौकोन, जो स्वतःला रंगवतो आणि पोटात दुसरे चौकोन ठेवतो, आणि एनएसकंट्रोल हा त्याचा वारस, ज्याला दाबता येतं, ज्यात टाइप करता येतं, जो "मला दाबलं हो" म्हणून दुसऱ्याला कळवतो. बटण आणि टेक्स्टफील्ड त्याच्या पोटचे. विंडोज फॉर्म्समध्ये उलटं, तिथं मूळपुरुषाचंच नाव कंट्रोल, साधं लेबल पण कंट्रोल आणि अख्खा फॉर्म पण वंशावळीनं कंट्रोलच. अँड्रॉइडवर परत सगळ्यांचा बाप व्ह्यू. म्हणून मॅकवरची माहिती वाचून कुणी विंडोजवर "व्ह्यू कुठंय" म्हणून शोधत बसला तर त्याला वेड लागायची पाळी येते. माझा एक मित्र पुण्यात मॅकचं काम करतो, त्याचं दुखणं अजून निराळं: आउटलेट, म्हणजे स्क्रीनवरची वस्तू कोडमधल्या व्हेरिएबलला जोडणारा धागा, जोडायचं राहिलं आणि मॅकच्या जुन्या ऑब्जेक्टिव्ह सी भाषेतलं कोड असलं तर निलला (तिकडचं नल) पाठवलेला मेसेज गुपचूप गिळला जातो, बटण दाबतोय दाबतोय, ना एरर ना काही. आपलं नल निदान बोंब तरी मारतं.

आता मामाची गोष्ट. मामाचं लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. त्यांच्यासाठी मी हिशोब पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम करून दिला होता, फुकट, म्हणजे मामीच्या हातच्या धपाट्यांवर. माल, कट्टे, वजन, भाव, रक्कम, हमाली, तोलाई, निव्वळ असे आठ रकाने, एका पट्टीत दहा ओळी, आणि माझ्या त्या वेळच्या अकलेनुसार प्रत्येक घर म्हणजे एक वेगळा टेक्स्टबॉक्स. ऐंशी टेक्स्टबॉक्स. "नवीन पट्टी" दाबली की पॅनेलवर (ज्या चौकटीत हे सगळे बसतात तिच्यावर) कंट्रोल्स डॉट क्लिअर मारून ती रिकामी करायची आणि नवे ऐंशी तयार करून चिकटवायचे. दिसायला एकदम झकास, मुनीम काका तर खूश होऊन शेजारच्या दुकानदारांना दाखवायचे.

उन्हाळाभर काही तक्रार नाही. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक सुरू झाली आणि मामाचा फोन, "अरे तुझं ते प्रोग्रॅम सकाळी चांगलं चालतंय अन् दुपारी तीन-चारला बंद पडायलंय, वावरातून आलेली माणसं पट्टीसाठी खोळंबून बसलीत, काय तरी कर बाबा." बंद करून परत चालू केलं की नीट. मुनीम काकांचं निदान असं की मशीन तापायलंय, त्यांनी टेबलफॅन कॉम्प्युटरकडं वळवून ठेवला आणि स्वतः घामानं निथळत बसले. माझं निदान असं की रॅम कमी पडायलीय, मी मामाला खर्चात घालून रॅम वाढवली. दुसऱ्या दिवशी पावणेचारला परत बंद. काकांचा फॅन निदान फुकट तरी होता.

मग स्वतः जाऊन दुकानात बसलो. दुपारी एररचा डबा आला, एरर क्रिएटिंग विंडो हँडल. मेमरी बघावी तर भरपूर मोकळी. शेवटी टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये युजर ऑब्जेक्ट्स नावाचा कॉलम चालू केला, तो आधी दिसत नाही, मुद्दाम निवडावा लागतो, आणि नुसतं बघत बसलो. मुनीम काकांनी नवीन पट्टी दाबली, आकडा ८० नं वाढला. परत दाबली, परत ८०. जुनी पट्टी बघायला उघडली तरी ८०. खाली यायचं नावच नाही.

कारण असं की विंडोजच्या नजरेत फक्त फॉर्म म्हणजे खिडकी नसते, बटण पण खिडकी, टेक्स्टबॉक्स पण खिडकी, प्रत्येकीला एक नंबर म्हणजे हँडल, आणि एका प्रोग्रॅमला अशा वस्तू नेहमीच्या सेटिंगमध्ये १०,००० पर्यंतच मिळतात. रॅम कितीबी टाका, हा आकडा वेगळा. भागाकार करा, दहा हजार भागिले ऐंशी, १२५ पट्ट्या. उन्हाळ्यात दिवसाला तेवढ्या होतच नव्हत्या आणि रात्री मशीन बंद व्हायचं. सोयाबीनच्या दिवसात १२५ चा काटा दुपारी तीन-चारलाच लागायचा.

पण मी तर क्लिअर मारत होतो ना? तिथंच माती खाल्ली. क्लिअरनं कंट्रोल पॅनेलवरून उठतो, मरत नाही. माझ्या हातात त्याचा एकही उतारा उरला नाही, डोळ्याला तो दिसत नाही, पण विंडोजच्या दप्तरी त्याची खिडकी जशीच्या तशी. विंडोज फॉर्म्स अशा बेघर कंट्रोलला एका न दिसणाऱ्या खिडकीवर नेऊन ठेवतं, आणि तिचं नाव खरोखरच पार्किंग विंडो आहे, मी बनवून सांगत नाही. उद्या तुम्ही त्याला दुसऱ्या पॅनेलवर टाकाल या आशेनं ते सांभाळून ठेवतं. मोंढ्याच्या गेटबाहेर माझे रिकामे ट्रक सकाळपासून रांगेत उभे होते आणि मी आत बसून पंखा कुणाकडं वळवायचा यावर चर्चा करत होतो. मला वाटायचं गार्बेज कलेक्टर, म्हणजे बिनउताऱ्याचे ऑब्जेक्ट मेमरीतून झाडून नेणारा, येईल आणि नेईल, पण तो मेमरीचा दाब बघून येतो, खिडक्यांचा काटा बघून नाही. मायक्रोसॉफ्टच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय की क्लिअरनं हँडल जात नाहीत, डिस्पोज, म्हणजे कंट्रोलला खिडकीसकट संपवायचं काम, तुम्हीच करा. वाचतं कोण.

ठीक, लगेच सुधारणा केली, फॉरईच लूप, म्हणजे यादीत एकेकावर जाणारा फेरा, लावून प्रत्येक कंट्रोलला डिस्पोज. नवीन पट्टी दाबली, आकडा बघितला. वाढला. ४० नं.

इथं माझं डोकं खरंच सटकलं, निम्मे मरतात आणि निम्मे जगतात हा काय प्रकार? चहा प्यायला बाहेर गेलो तर हमाल कट्ट्यांची थप्पी उतरवत होते, एक कट्टा काढला की वरचा खाली सरकत होता, आणि तिथंच ट्यूब पेटली. कंट्रोलला डिस्पोज केलं की तो आपणहून पॅनेलच्या यादीतून निघतो, मागचे सगळे एक घर पुढं सरकतात, आणि लूप मात्र पुढच्या नंबरवर जातो, म्हणजे शून्यावरचा गेला, एकवाला शून्यावर आला, लूप एकवर गेला, मधला वाचला. एक सोडून एक. आणि विंडोज फॉर्म्सची ही यादी त्याबद्दल तक्रार पण करत नाही, दुसरी एखादी लिस्ट असती तर तिथंच ओरडली असती. आत येऊन फॉरईचऐवजी वाइल लूप लावला, यादीत कुणी आहे तोवर पहिल्याला डिस्पोज कर. नवीन पट्टी, नवीन पट्टी, नवीन पट्टी. आकडा जागचा हलेना. मुनीम काकांना म्हटलं काका फॅन तुमच्याकडं फिरवा आता.

पुढच्या वर्षी ते ऐंशी टेक्स्टबॉक्सच उडवले आणि डेटाग्रिडव्ह्यू, म्हणजे अख्ख्या तक्त्याचा एकच कंट्रोल, बसवला. त्यातली घरं म्हणजे कंट्रोल नसतातच, ग्रिड स्वतःच्या अंगावर ती नुसती रंगवतो, खिडकी जवळजवळ एकटीच, आणि ज्या घरात टाइप करायचं तेवढ्यापुरता एक टेक्स्टबॉक्स तिथं नेऊन बसवतो, एकच, जाईल तिथं तोच. नावात व्ह्यू का आहे हे मला तेव्हा कळलं. हजार ओळींची पट्टी केली तरी त्या कॉलममधला आकडा ढिम्म.

मी मोठ्या तोऱ्यात मामाला दाखवलं. मामा बरं म्हणाले. मुनीम काकांनी चष्मा लावला, कट्टे टाकले, एंटर दाबला, वजन टाकायला गेले आणि थांबले. "हे खाली कामून जायलंय? आधीचं उजवीकडं जात होतं, तेच बरं होतं की."

ग्रिडमध्ये एंटर दाबलं की खालच्या ओळीत जातं, ते त्याचं मूळचंच वागणं आहे. ते उजवीकडं वळवण्यात माझा अख्खा रविवार गेला.