तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रायथलॉनची बॅग आणि माझी निळी पिशवी

प्रश्न खरे म्हणजे दोन आहेत, पण विचारणारे ते एका दमात विचारतात. ट्रायथलॉनच्या, म्हणजे सलग पोहणे, सायकल आणि धावणे अशा, स्पर्धांसाठी बॅग कोणती घ्यावी, आणि एवढी महागाची सायकल बाळगणाऱ्या तुम्ही स्वतः सामान मात्र निळ्या ताडपत्रीच्या पिशवीतून का आणता? पहिल्या प्रश्नात कुतूहल असते, दुसऱ्यात बहुधा हसू दडलेले असते. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला हाफ आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन झाली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या या विचारणा वाढतच गेल्या आहेत आणि आजवर मी "तुमच्या सोयीने घ्या" एवढे सांगून वेळ मारून नेत आले. आता एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचे नाव आणि किंमत एवढेच हवे असणाऱ्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल, कारण ते दोन्ही यात नाही.

बाजारात ट्रायथलॉनची म्हणून जी बॅग मिळते ती साधारण पस्तीस ते पंचेचाळीस लिटरची असते. तिच्यात हेल्मेटसाठी वरचा कप्पा, बुटांसाठी बाजूचा बोगदा आणि तळाशी ओल्या कपड्यांचा वेगळा कप्पा असतो. हा ओला कप्पा मुख्यतः वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात अंगात घालायच्या जाड रबरी पोशाखाच्या, हिशोबाने आखलेला असतो. मालवणच्या समुद्रात वेटसूट घालून कोणी उतरले, तर किनाऱ्यावरचे रापणकर मच्छीमार आधी पाणी पाजतील आणि मग डॉक्टरकडे नेतील. आपल्याकडचे पाणी हिवाळ्यातही पंचवीस अंशांच्या वर असते, आणि आयर्नमॅनच्या नियमांप्रमाणे पाणी २४.५ अंशांच्या वर गेले की वेटसूट घालणाऱ्या हौशी स्पर्धकाला वयोगटाचे बक्षीसही मिळत नाही. म्हणजे ज्या कप्प्यासाठी आपण हजार-दीड हजार जास्त मोजतो, त्यात शेवटी ओला टॉवेल जातो, जो कोणत्याही प्लास्टिकच्या पिशवीत गेला असता.

दुसरी गोष्ट विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आलेली असते. जिच्यावर "ट्रान्झिशन" असे ठळक छापलेले असते, ती बॅग प्रत्यक्ष ट्रान्झिशनच्या, म्हणजे पोहून सायकलीवर आणि सायकलीवरून धावण्यावर जाण्याच्या, वेळी बहुधा तुमच्याजवळ नसते. आयर्नमॅनच्या लांब स्पर्धांत आयोजकच पिशव्या देतात, सायकलच्या सामानासाठी निळी आणि धावण्याच्या सामानासाठी लाल. त्या हुकाला अडकवायच्या आणि पोहून आल्यावर आपल्या क्रमांकाची ओढून घ्यायची. छोट्या स्पर्धांत सायकलीशेजारी टॉवेलवर लागेल तेवढेच सामान मांडायचे आणि बॅग बाहेर ठेवायची, असा दंडक बहुतेक ठिकाणी असतो. मग त्या महागड्या बॅगेचे काम उरते ते घरापासून किनाऱ्यापर्यंत सामान आणण्याचे, ते खारे आणि घामट होऊन परत नेण्याचे, आणि बाकीचे वर्ष घरात पडून राहण्याचे. माझे सगळे म्हणणे या तिसऱ्या कामाबद्दल आहे. कोकणात बॅग निवडताना स्पर्धेचा दिवस डोळ्यांसमोर न आणता आपल्या घरातला जुलै महिना आणावा.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, आणि बॅगेच्या आतल्या बाजूस पाणी अडवण्यासाठी दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर त्याच हवेत हळूहळू विघटित होत जातो. दमट आणि उष्ण हवेत पाण्याच्या वाफेशी प्रक्रिया होऊन तो थर आधी चिकट होतो, मग पापुद्रे धरून सुटतो. यासाठी बॅग वापरावी लागत नाही, नुसती ठेवली तरी पुरते. दिवाळीत सरावाला निघताना बॅग उघडावी आणि स्विम कॅपवर, गॉगलच्या पट्ट्यावर, ट्रायसूटवर पांढुरके कण चिकटलेले दिसावेत, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको. कापडाच्या धाग्याची जाडी सहाशे डेनियर आहे की हजार, हे सगळे विचारतात. आतला लेप कशाचा आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता बॅगेची चेन. तिच्यामुळेच मी ताडपत्रीपर्यंत पोहोचले.

माझ्याकडे जी बॅग होती ती दिसायला फार देखणी होती आणि मी तिच्यावर जीव लावला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ती विकताना जलक्रीडेसाठी योग्य असे लिहिलेले होते. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर सराव करून आले की मी ती गोड्या पाण्याने धुवत असे, पडवीत उलटी टांगत असे, चेनवर मेणबत्ती घासत असे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचा प्रसंग ऐकणारा प्रत्येक जण आधी हाच सल्ला देतो, की धुवायला हवी होती. मी धुतली होती. चेनचे दात नायलॉनचे होते, त्यांना काहीही झाले नाही. गेला तो रनर, म्हणजे चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा. बहुतेक चेनचे रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात आणि वरून त्यांना रंग किंवा मुलामा दिलेला असतो. तो मुलामा एका कोपऱ्यात निघाला की मीठ आतून काम करू लागते आणि रनरच्या पोटात पांढरी भुकटी साचते, जी बाहेरून दिसत नाही.

किनाऱ्यावरच्याच एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सायकली जमा करण्याची वेळ संपत आली असताना, मी रांगेत उभी होते. त्या स्पर्धेत सायकलीबरोबर हेल्मेटही तपासून घेत होते. डोक्यावर चढवून, बकल लावून दाखवायचे आणि मगच सायकल आत. हेल्मेट बॅगेच्या वरच्या कप्प्यात होते. मी चेन ओढली, ती चार बोटे सरकली आणि थांबली. मागेही जाईना. मी रांगेतून बाहेर आले आणि वाळूवर बसून प्रयत्न सुरू केले. कोणी साबण दिला, कोणी व्हॅसलीन. एका मुलाने सायकलीच्या हत्यारांतली छोटी पक्कड दिली, आणि तिने जोर केल्यावर रनरची जीभच तुटून हातात आली. चार बोटांच्या त्या फटीतून मला हेल्मेटचा पिवळा रंग दिसत होता. बोटे आत जात होती, पट्ट्याला लागत होती, पण हेल्मेट बाहेर निघणे शक्य नव्हते. ध्वनिक्षेपकावरून वेळ संपत आल्याची सूचना पुन्हा झाली.

रस्त्याकडेला शहाळी विकणारा एक म्हातारा हे सगळे बघत होता. तो कोयता घेऊन स्वतःच उठून आला. बॅग उलटसुलट पाहून त्याने विचारले, "बाय, सगळीच फाडू काय?" मी हो म्हटले. माझ्या तोंडून हो निघायला जेवढा वेळ लागला त्याची मला अजून लाज वाटते, कारण त्या क्षणीही मी बॅगेची किंमत आठवत होते. त्याने चेनच्या कडेने एकच घाव ओढला. शहाळे सोलणारा हात तो, अगदी सराईत. तरी टोक आत गेलेच, आणि हेल्मेट बाहेर आले तेव्हा त्याच्या कवचावर करंगळीएवढा ओरखडा होता.

तपासणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीने तो ओरखडा पाहिला. तिने अंगठ्याने तिथे दाबून पाहिले, आतला थर्मोकोल बोटाने चाचपला, हेल्मेट कानाशी धरून दाबले. तडा गेलेले हेल्मेट बाद करतात, आणि तेच बरोबर आहे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते. तिने शेजारच्याला दाखवले, त्याने मान हलवली, आणि माझी सायकल आत गेली. ओरखडा वरवरचाच निघाला. पण दुसऱ्या दिवशी सायकलीवर उताराला लागले की माझे लक्ष रस्त्यावरून डोक्याकडे जात होते, आणि ज्या टप्प्यात मी नेहमी वेळ कमावते त्याच टप्प्यात ब्रेक दाबत राहिले. घरी येऊन ते हेल्मेट मी वापरणे बंद केले. बॅग विकणाऱ्याला लिहिले, तेव्हा समुद्राच्या पाण्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही असे उत्तर आले. जलक्रीडेसाठी योग्य, हे शब्द त्यांच्याकडे तेव्हाही तसेच छापलेले होते.

या प्रसंगावर माझ्याशी वाद घालणारी पहिली व्यक्ती मीच आहे. त्याआधी मी नव्या मुलांना कप्प्यांचे महत्त्व सांगत असे : पोहण्याचे वेगळे, सायकलचे वेगळे, धावण्याचे वेगळे, आणि जे शेवटी लागणार ते सर्वांत खाली. ते मी आजही नाकारत नाही. पहाटेच्या अंधारात, पोटात गोळा आलेला असताना, रेस बेल्ट, म्हणजे स्पर्धेचा क्रमांक लावायचा पट्टा, शोधण्यासाठी सगळी पिशवी वाळूवर ओतणारी माणसे मी पाहिली आहेत. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचे बकल लागलेले असलेच पाहिजे, म्हणून हेल्मेट सर्वांत आधी हाती यायला हवे, हे माझ्या जुन्या म्हणण्यातही होते. तेव्हाच्या मला मी एवढेच विचारते, की हे सगळे कप्पे एकाच धातूच्या तुकड्यावर का सोपवलेस? त्यावर तिचे उत्तर तयार असते, की मग चांगल्या चेनची बॅग घ्यायची होती. स्कूबा डायव्हिंगच्या सामानाच्या बॅगांना जाड प्लास्टिकच्या दातांची चेन आणि रनरही प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही. मुद्दा बिनतोड आहे. पण जाड दातांतही वाळू जातेच, आणि ती बॅग कुडाळ-सावंतवाडीत हातात घेऊन बघायला मिळत नाही.

मालवणच्या बाजारात होड्यांची आणि टेम्पोंची ताडपत्री शिवणारे एक काका आहेत. त्यांच्याकडून मी पीव्हीसीच्या ताडपत्रीची पिशवी शिवून घेतली, तोंड गुंडाळून दोन बाजूंनी प्लास्टिकच्या बकलने अडकवायचे, चेन कुठेच नाही. माप घेताना त्यांनी विचारले, "ह्यात काय भरतलंस, मासळी काय?" आत कप्पे नाहीत, कांद्याच्या जाळीच्या तीन पिशव्या आहेत, तिघींना तीन रंगांच्या नाड्या. हेल्मेट एकटेच दहा-बारा लिटर जागा खाते, म्हणून ते वरून दिलेल्या दोन पट्ट्यांत बाहेर अडकते. पावसाळ्यात पिशवी तोंड उघडे ठेवून खुंटीला टांगलेली असते, आणि बुरशी आलीच तर फडक्याने पुसली जाते.

आता तिचे दोषही सांगते, नाहीतर तुम्ही शिवून घ्याल आणि मला बोल लावाल. ती जड आहे. पाठीला गादी नाही, त्यामुळे दुचाकीवरून नेताना खांद्याला काचते. सुईच्या भोकांतून पाणी झिरपते, म्हणजे ताडपत्री असूनही ती पूर्णपणे जलाभेद्य नाही. कारखान्यात उष्णतेने जोडलेल्या शिवणीची सर तिला नाही. उन्हात ठेवली तर आत भट्टी होते आणि एनर्जी जेलची पाकिटे फुगतात. ओले कपडे संध्याकाळपर्यंत आत राहिले तर जो वास येतो त्याबद्दल घरातून मला पुरेसे ऐकावे लागले आहे. आणि एसटीच्या कंडक्टरने एकदा तिचे लगेजचे तिकीट फाडले, मासळीचा माल समजून.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःलाच अडचणीची आहे. माझ्याबरोबर सराव करणाऱ्या एका मुलीकडे माझ्या त्या फाडलेल्या बॅगेसारखीच बॅग आहे, त्याच घडणीची, तसलाच रनर. ती बॅग धुतही नाही, मेणबत्तीही घासत नाही, घर तर माझ्यापेक्षा समुद्राला जवळ. आणि तिची चेन अजून लोण्यातून सुरी फिरावी तशी चालते. मी माझे सगळे सिद्धान्त तिला ऐकवले, तेव्हा तिने माझ्यासमोर ती दोनदा उघडून बंद करून दाखवली. तिला विचारलेत तर ती तुम्हाला तीच बॅग घ्यायला सांगेल. घ्या, पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी हेल्मेट तिच्या आत ठेवू नका, बाहेर अडकवून न्या.