तुम्ही विचारलंत म्हणून: एपी घेतल्याने कॉलेजची फी वाचते का?

"मॅडम, मुलगी यंदा नववीत गेली. एपी किती घ्यायचे? सगळे म्हणतात कॉलेजचं एक वर्ष वाचतं, खरं का?" मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, कधी पटेलच्या दुकानात भाजी निवडतानाही हा प्रश्न येतो. मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये एपी कॅल्क्युलस शिकवते, आणि इथे येण्याआधी सांगलीला ज्युनिअर कॉलेजात बारावीचं गणित शिकवत होते. त्यामुळे विचारणाऱ्यांना वाटतं की मी लगेच एक आकडा सांगेन. मी आधी उलट विचारते: मुलगी कुठल्या कॉलेजात जाईल असं वाटतंय, आणि काय शिकायला? वर्ष वाचणार की नाही, हे तिच्या हुशारीइतकंच या उत्तरावर ठरतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. हायस्कूलच्याच वर्गात कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची. 1950च्या दशकात मोजक्या शाळांत ही योजना सुरू झाली, आता चाळीसच्या आसपास विषय आहेत. गुण 1 ते 5. शाळेची ग्रेड वेगळी आणि हा गुण वेगळा. वर्गात ए मिळवून परीक्षेत 2 आलेली मुलं मी पाहिली आहेत आणि वर्गात बी असून 5 आणणारीही. एका परीक्षेची फी साधारण शंभर डॉलर. कमी उत्पन्न असेल तर सवलत मिळते, ती शाळेच्या कौन्सेलरकडे मागायची. यात लाजण्यासारखं काही नाही. अनेक शाळा तर फी स्वतः भरतात.

आपल्याकडच्या बारावीची सवय असल्यामुळे पालकांची एक गोष्टीत हमखास गल्लत होते. बारावीचा निकाल लागतो आणि त्यावर प्रवेश ठरतो. इथे उलटं आहे. शेवटच्या वर्षाची एपी परीक्षा मे महिन्यात होते, निकाल जुलैत येतो आणि कॉलेजने प्रवेशाचा निर्णय त्याआधी मार्च-एप्रिलमध्येच कळवलेला असतो. प्रवेश देताना कॉलेज बघतं ते मुलीने कोणते वर्ग घेतले, तिच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं किती कठीण निवडलं आणि त्यात ग्रेड काय मिळवली. म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा उरते ती मुख्यतः क्रेडिटसाठी, म्हणजे त्या विषयाचे श्रेयांक कॉलेजने आधीच मिळाले असं धरावं यासाठी. ज्या कॉलेजात मुलगी निघाली आहे तिथे त्या विषयाचं क्रेडिट मिळणारच नसेल, तर शंभर डॉलर आणि मे महिन्यातली जाग्रणं कशासाठी, हा प्रश्न तिने विचारलेला मला रास्त वाटतो.

आता पैशांकडे येऊ. पदवीला साधारण 120 क्रेडिट्स लागतात, सत्राला पंधराच्या हिशेबाने आठ सत्रं. एका एपीची बहुधा तीन-चार, काही विषयांची आठपर्यंत. कागदावर हिशेब सरळ दिसतो: आठ-नऊ एपी, तीस क्रेडिट्स, एक वर्ष मोकळं. पण बऱ्याच विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी सत्रावर असते, विषयावर नाही. बारा क्रेडिट्स घेतली काय आणि सोळा घेतली काय, बिल तेच. सहा क्रेडिट्स घेऊन आलेली मुलगी चार वर्षं राहिली तर एक डॉलरसुद्धा वाचत नाही. पैसे वाचतात ते अख्खं सत्र कमी झालं तर. त्यासाठी ती क्रेडिट्स तिच्या पदवीच्या अटींत बसावी लागतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीची एपी सायकॉलॉजी आणि एपी ह्यूमन जिऑग्राफी 'इलेक्टिव्ह' म्हणून जमा होतील, पण पुढच्या वर्गासाठी आधीचा वर्ग अशी जी साखळी इंजिनिअरिंगला असते, ती त्याने एका सत्रानेही आखूड होत नाही.

राज्याराज्यांतही फरक आहे. फ्लोरिडात आणि इलिनॉयमध्ये सरकारी कॉलेजांनी 3 किंवा जास्त गुणांना क्रेडिट द्यावं असा कायदाच आहे, आणि फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांत फी प्रत्येक क्रेडिटवर आकारतात, म्हणून तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या मुलाचे पैसे खरोखर वाचले. आमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्समध्ये, 4 किंवा 5 लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ 3 ला युनिट्स (तिथली क्रेडिट्स) देतं, पण ती तुमच्या मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, अटीत धरायची की नाही हे त्या त्या कॅम्पसचा विभाग ठरवतो. एमआयटी कॅल्क्युलस बीसीला (एपीच्या दोन कॅल्क्युलसपैकी मोठ्याला) 5 असेल तर पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस माफ करते. आणि ज्या नावांसाठी पालक मुलांना दहा-बारा एपी घ्यायला लावतात, त्यातली हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमथ पदवीच्या मोजणीत एपीची क्रेडिट्स धरत नाहीत. फार तर वरच्या वर्गात बसू देतात. कॅलटेकही क्रेडिट देत नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. म्हणून मी ते नववीतच सांगते, बारावीत नाही.

मग एपी घ्यावेतच का? माझं स्पष्ट मत: घ्यावेत, आणि मनापासून घ्यावेत, पण तो विषय नीट शिकायला.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण देते. कॅल्क्युलसच्या लेखी प्रश्नांत डिफरन्शियल इक्वेशनचा प्रश्न बहुतेक दर वर्षी असतो. एक्स आणि वाय दोन बाजूंना वेगळे करायचे, दोन्हीकडे इंटिग्रेशन करायचं, स्थिरांक सी लिहायचा, दिलेल्या बिंदूवरून सी काढायचा आणि मग वाय सोडवायचा. "सी विसरू नका" हे सगळ्यांना पाठ असतं. तरी कित्येक मुलं डावीकडच्या लॉगमधून वाय मोकळा करतात आणि मग अगदी शेवटी त्या उत्तराला अधिक सी जोडतात. त्यांनी सी लिहिलेला असतो, पण चुकीच्या पायरीवर. इंटिग्रेशनच्या पायरीवरच तो आला असता तर पुढे तो गुणक झाला असता. आता उत्तराचा वक्र पूर्णपणे वेगळा येतो. इंटिग्रेशनचे मार्क मिळतात, त्यापुढचे जातात. त्या मुलाला मी फळ्यावर बोलावते आणि त्याचंच उत्तर परत डिफरन्शिएट करायला लावते. मूळ समीकरण मिळत नाही. तो थांबतो, मागे जातो, पायरी शोधतो. ही पाच मिनिटं माझ्या लेखी क्रेडिटपेक्षा मोठी आहेत, कारण दुसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये आणि फिजिक्समध्ये त्याला नेमकं हेच लागणार आहे.

समजून शिकलेलं कसं टिकतं, याचं एपीच्या इतिहासातलंच एक उदाहरण आहे. ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कलान्ते हे मूळचे बोलिव्हियाचे शिक्षक गणित शिकवत. मुलं बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांतली. 1982 साली त्यांच्या 18 विद्यार्थ्यांनी एपी कॅल्क्युलसची परीक्षा दिली आणि सगळे उत्तीर्ण झाले. त्यातल्या 14 जणांच्या उत्तरांत सारखेपणा दिसतो म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने शंका घेतली. बारा जण पुन्हा परीक्षेला बसले, तयारीला फारसा वेळ न मिळता, आणि बाराही उत्तीर्ण झाले. त्या मुलांवर घेतलेली शंका मला आजही बोचते. आणि ज्या मुलांकडून कोणी कॅल्क्युलसची अपेक्षाच ठेवली नव्हती त्यांच्या हातात हा विषय दिल्याबद्दल त्या शिक्षकाविषयी अपार आदर वाटतो.

त्यामुळे क्रेडिट मिळालं म्हणून वर्ग टाळायचा का, या प्रश्नाचंही माझं उत्तर ठरलेलं आहे. जो विषय पुढे मुख्य होणार नाही, तो खुशाल सोडा. इंजिनिअरिंगच्या मुलाने एपी यूएस हिस्ट्रीच्या जोरावर एक विषय कमी केला तर त्याला मोकळा तास मिळतो, शिवाय बऱ्याच ठिकाणी जास्त क्रेडिट्स असलेल्यांची वर्गनोंदणी आधी होते, हवा तो वर्ग मिळतो. पण मुख्य विषयाचा पाया असेल, तर त्या कॉलेजच्या विभागाने वेबसाइटवर ठेवलेली जुनी फायनल परीक्षा उतरवून घ्या आणि मुलाला एका संध्याकाळी घड्याळ लावून सोडवू द्या. आरामात सुटली तर पुढच्या वर्गात जावं. अडखळला तर क्रेडिट असूनही पहिला वर्ग पुन्हा करावा. आणि मेडिकलला जायचं असेल तर हेही बघा की अनेक मेडिकल कॉलेजांना एपीवर मिळालेलं बायोलॉजी-केमिस्ट्री पुरत नाही, ते विषय कॉलेजात केलेले लागतात.

एपीशिवाय ड्युअल एन्रोलमेंटचाही रस्ता आहे: हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा, वर्ग घ्यायचा. राज्यातल्याच सरकारी विद्यापीठात जाणाऱ्या आणि पैशांचा ताण असलेल्या घराला मी हा मार्ग आवर्जून सुचवते. तिथे एका दिवसाच्या परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं, सत्रभराच्या कामावर क्रेडिट मिळतं. मात्र ती ग्रेड कॉलेजची खरी ग्रेड असते आणि कायम राहते. सोळाव्या वर्षी मिळालेली सी ग्रेड पुढे मेडिकलच्या अर्जातही दाखवावी लागते. खाजगी विद्यापीठं ही क्रेडिट्स घेतीलच असं नाही.

आणि आकडा? हवाच असेल तर चार ते सहा, चार वर्षांत मिळून, मुलीला ज्यात गोडी आहे आणि जिथे ती रात्री अकराला झोपू शकते असे. पाच एपी एकाच वर्षी घेऊन पहिल्या तासाला डोळे मिटणारी मुलं मी रोज बघते. त्यांना बघून जीव तुटतो. त्यांच्यातल्या कित्येकांना तो विषय खरोखर आवडला असता.

एवढं सगळं करून शेवटी काम अडतं ते साध्या गोष्टीत. गुण आले म्हणजे क्रेडिट आपोआप जमा होत नाही; ते कॉलेजला अधिकृतपणे पाठवावे लागतात. दर वर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, त्याची मुदत जूनमध्ये, म्हणजे निकालाच्या आधीच संपते. नंतर पैसे पडतात. नोंदणीसाठी अ‍ॅडव्हायजरला भेटण्याआधी मुलीने कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन क्रेडिट्स दिसतात का, आणि कुठल्या रकान्यात दिसतात, ते बघावं. दिसत नसतील तर रजिस्ट्रारच्या ऑफिसला ईमेल तिने स्वतः करावी, तुम्ही नाही.