ब्रेक पॅड कधी बदलायचे, डिस्क कधी: माझा अनुभव

पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही डिस्क बदलून टाका, असं सर्व्हिसिंगच्या वेळी सांगण्यात आलं. किती मिलिमीटर उरले आहेत, हे मात्र कागदावर कुठेच नव्हतं. ब्रेकच्या कामाला मी आकड्याशिवाय हो म्हणत नाही, आणि कुणी म्हणूही नये. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे तुकडे. पॅड आणि डिस्क हे दोन वेगळे निर्णय आहेत. दोन्हींची मर्यादा ठरलेली असते, मोजता येते, आणि मोजण्यासाठी चाक काढण्यापलीकडे फारसं काही करावं लागत नाही. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. पुढे व्हेंटिलेटेड (मधे हवेसाठी फटी असलेल्या) डिस्क, मागे ड्रम, सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली.

किलोमीटरवरून पॅडचं आयुष्य सांगता येत नाही. तीस ते पन्नास हजार असं सर्रास सांगितलं जातं, आणि तो पट्टा चूक नाही, पण एवढा मोठा आहे की निर्णयाला उपयोगी पडत नाही. रोज हिंजवडीच्या गर्दीत सरकणारी गाडी आणि शनिवार-रविवार सोलापूर रस्त्याने गावी जाणारी गाडी यांचे पॅड सारख्या किलोमीटरवर सारखे झिजत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन ब्रेकिंग (गिअरमधल्या इंजिनने गाडी रोखणं) कमी मिळत असल्याने पॅड लवकर जातात. आणि पुण्याभोवती उतार पुष्कळ: सिंहगडावरून खाली येताना, सासवडकडून दिवे घाट उतरताना, नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडली, तर पॅड झिजतोच, शिवाय डिस्कही तापून निळी पडते. दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून उतरणाऱ्याचे पॅड ठळकपणे जास्त टिकतात.

आवाजाने काय कळतं आणि काय नाही, हेही आधी स्पष्ट करून घेतलेलं बरं. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. अस्तर, म्हणजे पॅडचा घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासते आणि बारीक, शिट्टीसारखा आवाज येतो. तो गाडी चालत असताना येतो आणि ब्रेक दाबला की बहुधा बदलतो किंवा थांबतो. खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर अस्तर संपलेलं असतं आणि तेव्हा डिस्कही कापली जात असते. त्या अवस्थेत गाडी चालवायची नाही. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर मात्र रात्रीतून डिस्कवर चढलेल्या गंजाची असते आणि लगेच जाते. रस्त्याची कामं चालू असलेल्या भागात डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकतो, त्याचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, पण पॅडशी त्याचा संबंध नसतो. साठ-ऐंशीच्या वेगात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं, तर बघायची ती डिस्क. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर पॅड-डिस्क दोन्ही सोडून मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा भाग) आणि गळती तपासा.

मोजमापासाठी गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना विटा लावून उभी केली. नट जमिनीवर असतानाच अर्धे सैल केले, मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीच्या चाकात हात घालायचा नाही, याला अपवाद नाही.

चाकाच्या फटीतून टॉर्च मारून दिसतो तो बाहेरचा पॅड. तेवढा बघून बरेच जण निश्चिंत होतात. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या सरकत्या चिमट्यात, पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही आणि बहुतेक काम एकट्या आतल्या पॅडवर पडतं. म्हणून आतला पॅड पाहिल्याशिवाय मोजमाप पूर्ण होत नाही. उजव्या चाकाचं अस्तर बाहेर ५ आणि आत ४.५ मिमी निघालं. डाव्या चाकाचं बाहेर ५.५ आणि आत २.५.

मोजताना फक्त अस्तर मोजायचं, मागची लोखंडी पट्टी नाही. ती पट्टी साधारण ५ मिमीची असते. त्यामुळे ‘आठ मिलिमीटर आहे अजून’ असं कुणी पट्टीसकट सांगितलं तर प्रत्यक्षात ३ उरलेले असतात. छोट्या गाडीच्या नव्या पॅडचं अस्तर साधारण १० मिमी असतं. ३ मिमीला बदलायचे, २ ही शेवटची हद्द. चारपैकी एक जरी तिथे पोचला तरी पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकत्र जातात, कारण दोन्ही चाकांवर पकड सारखी नसेल तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. म्हणजे पॅडचा निर्णय डाव्या आतल्या पॅडने दिला.

डिस्कचं मोजमाप थोडं नाजूक आहे. प्रत्येक डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते, गंज वायर ब्रशने घासला की दिसते. माझ्या डिस्कवर २० मिमी होती. नवी २२ ची. आता जाडी व्हर्नियरने (जबड्यांच्या मोजपट्टीने) घेतली तर फसवणूक होते, कारण पॅड जिथे पोचत नाही तिथे बाहेरच्या कडेला न झिजलेला उंचवटा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे त्यावर टेकतात. टोकांमध्ये धरून बारीक जाडी मोजणारा मायक्रोमीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन सारखी नाणी घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून सेंटिमीटरभर आत धरा, नाण्यांसकट व्हर्नियर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. गोलाकार आठ ठिकाणी मोजायचं. सगळ्यात कमी आकडा किमान जाडीशी ताडायचा. आणि सर्वांत जाड व सर्वांत पातळ जागेतला फरक ०.०२ मिमीच्या वर गेला तर स्टिअरिंगची थरथर तिथूनच येते. एवढ्या बारीक फरकाला मात्र मायक्रोमीटरच लागतो, नाणी चालत नाहीत.

‘डिस्क वाकली’ असं म्हटलं जातं, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, जाडी असमान झालेली असते. त्याचं मूळ हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावरच्या) गंजात किंवा कमीजास्त आवळलेल्या नटांत असतं. डिस्क फिरताना जराशी डुलते, डुलणारी बाजू प्रत्येक फेरीला पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तेवढीच जागा पातळ होते. डायल गेजने डुलणं मोजता येतं, ०.०५ मिमीच्या आत असलं तर उत्तम, ०.१ च्या पुढे नको.

माझ्या दोन्ही डिस्क २०.९ मिमी निघाल्या, असमानता नगण्य, निळे डाग नाहीत, कडेपर्यंत गेलेल्या भेगा नाहीत, नखाला लागतील एवढ्याच बारीक रेषा. आता हिशोब. पॅडचा हा दुसरा संच. दोन संचांत डिस्क १.१ मिमी झिजली, म्हणजे एका संचाला साधारण ०.५५. नव्या संचाच्या शेवटी ती २०.३ च्या आसपास असेल, किमान जाडीच्या वर. म्हणून डिस्क ठेवल्या. हीच डिस्क २०.४ निघाली असती तर आकडा मर्यादेच्या वर असूनही मी बदलली असती, कारण नवे पॅड संपायच्या आधीच ती हद्दीखाली गेली असती. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, घाटात लवकर तापते, आणि पिस्टनला जास्त बाहेर यावं लागतं.

लेथवर फेस मारून, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग तासून घ्या, हाही सल्ला मिळतो. प्रत्येक बाजूने ०.४ मिमी काढलं तर माझी डिस्क २०.१ वर आली असती. नवी डिस्क परवडण्यासारखी असताना छोट्या गाडीला हा उद्योग करण्यात मला अर्थ दिसत नाही.

खरेदीला नाना पेठेत गेलो. जाताना चासी नंबर आणि जुना पॅड सोबत ठेवावा, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी कॅलिपर बदललेला असू शकतो आणि पॅडचा आकार काही मिलिमीटरने वेगळा निघतो. कंपनीचा मूळ भाग किंवा ब्रेकच्या नावाजलेल्या उत्पादकाचा, यांपैकी काहीही चालतं. बिल आणि सीलबंद खोका हवाच, नकली माल भरपूर आहे. पॅडच्या पट्टीवर किंवा कडेवर दोन अक्षरं असतात: पहिलं गार असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. एफएफ रोजच्या वापराला चांगलं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होते. घाटात जाणाऱ्याने ते टाळावं. खोक्यात शिम (पॅडमागचे पातळ पत्रे) आणि क्लिपा आहेत का हेही दुकानातच उघडून पाहिलं.

काम एका वेळी एकाच बाजूचं काढायचं, म्हणजे जोडणी विसरली तर दुसरी बाजू समोर असते. खालचा पिनबोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. पूर्ण सोडवावा लागला तर तो तारेने स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून चिरते. धूळ हवेने उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची, कारण ती फुप्फुसात जाते.

डावीकडे खालच्या पिनेचं रबर फाटलेलं होतं, आत पाणी आणि गंज, पिन हाताने फिरत नव्हती. झिजेचं कारण हेच. नवी पिन आणि नवं रबर टाकलं. कारण न शोधता नुसते पॅड घातले असते तर नवा आतला पॅडही तसाच लवकर गेला असता. पिनांना सिलिकोनचंच ग्रीस लावायचं; बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. काही कॅलिपरमध्ये एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतं. वरची पिन खाली आणि खालची वर करायची नाही.

पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतलं ब्रेक ऑइल खाली जातं. पातळी कमी दिसली म्हणून मधे कुणी वरून भरलं असेल, तर पिस्टन मागे ढकलताना ते उतू जातं आणि रंग उडवतं. आधी थोडं काढून घेतलं, मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबलं. पिस्टन सहज गेला. अडत असता तर कॅलिपरची सीलकिट (आतल्या रबरांचा संच) लागली असती. मागे डिस्क आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन बहुधा फिरवत आत घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकला आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो. जोर लावला तर मोडतं.

क्लिपांखालचा गंज घासून काढला, पॅडचे कान खाचेत मोकळे सरकतात हे पाहिलं. अस्तराला आणि डिस्कला ग्रीसचं बोट लागता कामा नये. चाक बसवण्याआधी चाक टेकतं ती जागा वायर ब्रशने चकचकीत केली. नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, माझ्या मॅन्युअलप्रमाणे १०० न्यूटन-मीटरला. पंक्चरवाल्याच्या एअर गनने कसेही आवळलेले नट हे पुढच्या थरथरीचं बीज असतं.

गाडी हलवण्याआधी पेडल मारून घट्ट करायचं. पहिल्या काही दाबांना ते थेट तळाला जातं, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. हे विसरून गाडी सोसायटीच्या उतारावर काढली तर थांबायला काहीच नसतं.

नवे पॅड जुन्या डिस्कशी जुळवायला मोकळा सपाट रस्ता आणि पहाटेची वेळ घेतली. साठवरून पंधरापर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, अर्धा मिनिट चालवून पुन्हा, असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न दाबता दहा मिनिटं चालवून गार केलं. तापलेल्या अवस्थेत पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी छापला जातो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरदार ब्रेक टाळायचे. पॅड टाकून दुसऱ्याच दिवशी ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरायला जाऊ नये.

ब्रेक ऑइल त्याच वेळी बदललं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शिरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. लांब उतारावर ते उकळून वाफ झाली की पॅड कितीही नवे असले तरी पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदलावं, शक्यतो पावसाळा संपल्यावर, आणि डॉट ३ की ४ हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच.

मागच्या ड्रमकडे कुणाचं लक्ष जात नाही. ड्रम काढून शू (ड्रमला आतून दाबणारे अस्तराचे तुकडे) पाहिले: अस्तर १ मिमीवर आलं असेल तर बदलायचे, आणि ड्रमचा कमाल व्यास आत कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला तर ड्रमही. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर बोटाने उचलून पाहावं. आत ओल असेल तर गळती आहे, आणि ऑइल लागलेले शू धुऊन परत वापरायचे नसतात.