‘बायनरी कॉम्पॅटिबल नाही’ या एका ओळीने खाल्लेले माझे चार दिवस

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं ऑफिस आहे, द्राक्ष निर्यातदारांचं एक पोर्टल चालवतो, प्लॉटची नोंद, रेसिड्यू रिपोर्ट, कंटेनरची कागदपत्रं वगैरे. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. त्यात तीन जादाची मॉड्यूलं (त्याला जादा कामं करू देणारे जोड-भाग), दोन बाहेरची आणि एक घरचं, माझ्या आधीच्या माणसाने सी मध्ये लिहिलेलं. आणि त्या भल्या माणसाने ही तिन्ही एनजिनएक्सच्या पोटातच कंपाइल करून ठेवलेली, म्हणजे सिक्युरिटी अपडेट आलं की सहाच्या सहा सर्व्हरवर आख्खा एनजिनएक्स परत बांधत बसा.

म्हणून ठरवलं की डेबियन १२ (सर्व्हरवरची लिनक्स) सोबत येणारा एनजिनएक्स १.२२.१ आहे तसाच ठेवायचा आणि प्रत्येक मॉड्यूलचं वेगळं डेब पॅकेज (डेबियनची इन्स्टॉल करायची फाइल) करायचं, ज्या सर्व्हरला जे लागतं तेवढंच टाकायचं. नवीन काहीच नाही यात, डायनॅमिक मॉड्यूल (वेगळ्या फाइलमधून लोड होणारी) १.९.११ पासून म्हणजे २०१६ पासून आहेत आणि विथ-कॉम्पॅट हा, वेगळं बांधलेलं मॉड्यूल तयार एनजिनएक्सशी जुळवायचा ऑप्शनही त्याच वर्षी १.११.५ ला आला. सोर्स आणला, कॉन्फिगर, मेक मॉड्यूल्स, एसओ फाइल (म्हणजे बांधलेलं मॉड्यूल) तयार. पॅकेजही संध्याकाळपर्यंत झालं. म्हणलं दोन दिवसात उरकतंय.

टाकलं, टेस्ट कमांड मारली आणि आलं, मॉड्यूल इज नॉट बायनरी कॉम्पॅटिबल, म्हणजे हे मॉड्यूल या एनजिनएक्सशी जुळत नाही. बस्स, एवढंच. का नाही, कशाशी नाही, काही नाही.

पहिला दिवस व्हर्जनवर गेला. सोर्स परत उतरवला, पुन्हा बांधलं, तेच. (हा दिवस शुद्ध वाया गेला हे नंतर कळलं, कारण व्हर्जन चुकलं असतं तर मेसेजच वेगळा येतो, त्यात दोन मोठे आकडे येतात, अमुक इन्स्टेड ऑफ १०२२००१ असे. एनजिनएक्स आधी व्हर्जन बघतो आणि मग बाकीचं, म्हणजे ‘बायनरी कॉम्पॅटिबल’वर अडकलात तर व्हर्जन बरोबरच आहे, तिकडे बघूच नका.) दुसऱ्या दिवशी कंपायलरवर संशय. तिसऱ्या दिवशी डेबियनच्या एनजिनएक्सचे कॉन्फिगर ऑप्शन काढायला गेले, एनजिनएक्सला कॅपिटल व्ही देऊन ग्रेप (हव्या त्या ओळी शोधणारी कमांड) केलं तर सगळी यादी तशीच्या तशी समोर, ग्रेपने काही गाळलंच नाही, कारण ते आउटपुट स्टँडर्ड एररवर (चुकांच्या मेसेजच्या वेगळ्या वाटेने) जातं आणि पाइपातून जातच नाही. तेही शोधण्यात तास गेला. शेवटी यादी मिळाली, विथ-कॉम्पॅट त्यांच्याकडे होतं, माझ्याकडेही होतं. मग अडतंय कुठे? घरी जाताना पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पण डोक्यात तेच.

चौथ्या दिवशी कळलं की प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक सही असते, ८,४,८ ने सुरू होणारी आणि पुढे शून्य-एकची लांब माळ, आणि एनजिनएक्स ती स्वतःच्या सहीशी अक्षर न अक्षर ताडून बघतो. स्ट्रिंग्स कमांडने दोन्ही काढल्या, एकाखाली एक प्रिंट केल्या आणि पट्टी लावून बसले. दोन ठिकाणी फरक. त्यांचा एक, माझं शून्य.

आमचा ज्युनिअर मागून बघत होता, म्हणाला, “ताई, तुमच्या कॉन्फिगरमध्ये हे दोन विदाऊट कशाला टाकलेत?”

आणि मला आठवलं. पहिल्या दिवशी बिल्डच्या कंटेनरमध्ये पीसीआरई आणि झेडलिब या लायब्ररी नव्हत्या, कॉन्फिगर थांबला, आणि त्याच्याच एरर मेसेजने सुचवलं की पीसीआरई लागणारं रीराइट मॉड्यूल विदाऊट करा म्हणजे वगळा, मग म्हणे झेडलिब लागणारं जीझिपही करा. मी दोन्ही टाकून मोकळी झाले, मॉड्यूलच तर बांधायचंय, रीराइट कशाला हवंय असं म्हणून. पण ते बंद केलं की सहीतल्या पीसीआरई आणि जीझिपच्या खुणा एकच्या शून्य होतात आणि विथ-कॉम्पॅट हे दोन झाकत नाही! बाकी बरेच झाकतो, हे नाही. त्या दोन लायब्ररींची डेव्ह पॅकेज टाकली, दोन्ही विदाऊट काढले, पाच मिनिटांत मॉड्यूल लोड. चार दिवस, पाच मिनिटं. त्या दिवशी ज्युनिअरला मिसळ मीच दिली.

आणि वर चीड याची की डेबियन १२ मध्ये एनजिनएक्स-डेव्ह नावाचं पॅकेज आहेच, मॉड्यूल बांधण्यासाठीच बनवलेलं. मला नंतर दिसलं. तुम्ही त्यानेच सुरुवात करा.

पॅकेजच्या डिपेंड्समध्ये (आधी काय असायला हवं त्या यादीत) नुसतं एनजिनएक्स लिहू नका. डेबियन १२ एनजिनएक्स-एबीआय-१.२२.१-७ अशा नावाचं व्हर्च्युअल (नुसतं नावापुरतं) पॅकेज देतं, ते लिहा. उद्या एबीआय (मॉड्यूल आणि एनजिनएक्स जुळण्याची रचना) बदलली तर अपडेट करणारं एपीटी अपग्रेडच अडवून धरतं, नाहीतर रात्री आपोआप अपडेट होतं आणि सकाळी सर्व्हर उठत नाही.

लोड मॉड्यूलची ओळ इव्हेंट्स ब्लॉकच्या वर लागते, एचटीटीपीच्या आत टाकली तर चालत नाही. डेबियनमध्ये ती वेगळ्या कॉन्फ फाइलमध्ये ठेवून मॉड्यूल्स-एनेबल्डमध्ये लिंक करायची. पॅकेज काढताना ती लिंकही पुसा, लोंबकळत राहिली तर पुढच्या टेस्टला एनजिनएक्स फाइल सापडत नाही म्हणून नापास. आमचं एकदा झालंय.

अजून एक, हे माझ्याच शहाणपणाचं. सगळं सुरळीत झाल्यावर घरच्या मॉड्यूलमध्ये एक ओळ बदलायची होती, म्हणलं एवढ्यासाठी पॅकेज कुठे करू, एसओ फाइल थेट सीपी या कॉपी कमांडने चालू सर्व्हरवर जुनीवरच टाकली. एनजिनएक्सचे वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) धडाधड पडले, कारण ती फाइल मेमरीत मॅप झालेली असते आणि सीपी तीच फाइल जागेवर रिकामी करून लिहितो. पॅकेज टाकणारा डीपीकेजी नवी फाइल बाजूला लिहून मग नाव बदलतो, म्हणून त्याने टाकलं की असं होत नाही. फेब्रुवारीचा महिना, सकाळचे अकरा, द्राक्षाचा सीझन भरात, आणि निर्यातदारांचे फोन माझ्या मोबाइलवर.