जीटी८६ काढून जीआर८६ घ्यायची का? झाला एकदाचा निर्णय

गेले कित्येक महिने डोक्यात एकच विषय घोळत होता, माझी जीटी८६ ठेवायची की ती काढून जीआर८६ घ्यायची. आता ठरलंय. ठरवताना जे काय कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण स्पोर्ट्स कार असलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी ह्यातून जातो, गाडी कुठली का असेना. नवीन मॉडेल येतं, आकडे मोठे असतात, फोटो भारी असतात आणि काल-परवापर्यंत जीव की प्राण असलेली आपली गाडी अचानक जुनी वाटायला लागते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीटी८६ टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली गाडी, २०१२ ला आली, सुबारूकडे तीच बीआरझेड म्हणून. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर आडवे, समोरासमोर, टर्बो नाही, ताकद मागच्या चाकांना, २०० पीएस (जवळपास तेवढेच घोडे). वजन कमी, बसायची जागा खाली, आणि टायर मुद्दाम साधे दिलेले, २१५ चे मिशलिन प्रायमसी, टोयोटाच्या हायब्रिड प्रियसला यायचे त्याच जातीचे. त्यावरून लोकांनी खूप नावं ठेवली तेव्हा. पण मला तरी तोच ह्या गाडीचा सगळ्यात हुशार निर्णय वाटतो, कारण ग्रिप बेताची असली की गाडी काय करतेय ते कमी स्पीडला कळतं, स्टिअरिंग आणि सीटमधून सगळा निरोप येतो, त्यासाठी जिवावर उदार व्हायची गरज पडत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनच्या फिरण्याच्या मर्यादेपर्यंत ओढली तरी स्पीड ९५ च्या आसपास. म्हणजे इंजिन तळापासून टोकापर्यंत वापरता येतं, नियमात राहून. चारशे-पाचशे घोड्यांच्या गाडीत हे सुख नाही, तिथे दुसरा गिअर संपायच्या आत लायसन्स धोक्यात.

जीआर८६ जगासमोर आली २०२१ ला. इंजिन तेच घराणं पण २.४ लिटर, सिलिंडरचा बोअर (व्यास) ८६ मिलीमीटरचा ९४ केला आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८६ च ठेवला. ताकद २३५ पीएसच्या घरात. ० ते १०० ला सात सेकंदांच्या वर लागायचे तिथे आता ६.३. छत आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे केले त्यामुळे इंजिन मोठं होऊनही वजन जवळजवळ तेवढंच राहिलं, आणि टोयोटा म्हणते बॉडीचा पिळाला होणारा विरोध ५० टक्क्यांनी वाढलाय. आजकाल प्रत्येक नवीन पिढी अंगाने सुटत चाललीय, त्यात हे करून दाखवणं म्हणजे खरंच कौतुक आहे.

पण माझ्यासाठी महत्त्वाचा आकडा वेगळाच होता. टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर. जुन्या गाडीत २०५ न्यूटन मीटर, ते सुद्धा ६४०० आरपीएमला. नवीनमध्ये २५०, आणि ते ३७०० लाच मिळतं.

हे का महत्त्वाचं ते जीटी८६ चालवलेल्यांना लगेच कळेल. साधारण साडेतीन हजार ते साडेचार हजारच्या मधे ह्या इंजिनमध्ये एक खड्डा आहे. घाट चढताय, वळणातून बाहेर पडताय, तिसरा गिअर, स्पीड ६५. ॲक्सिलरेटर दाबला. आवाज येतो, काटा हलतो, पण पाठीला काही जाणवत नाही, गाडी नुसती हो हो म्हणते आणि जागची उठत नाही. मग ८० च्या पुढे गेलं की एकदम जाग येते आणि पळत सुटते, पण तोवर पुढचं वळण आलेलं असतं आणि पाय ब्रेकवर. म्हणजे नेमका जो स्पीड घाटात सगळ्यात जास्त लागतो तिथेच पिकअप नाही. दुसरा गिअर टाकला तर चालतं, पण मग प्रत्येक वळणाला वर-खाली वर-खाली. गाडी नवीन असल्यापासून हे आहे आणि ही एकच गोष्ट मला तिच्याबद्दल कायम खटकत आलीय.

माझ्या दादाकडे जीआर८६ आहे. त्याने चालवायला दिली, आणि उतरले तेव्हा मी पार हरखून गेले होते. ताकद तर होतीच, पण मला त्याहून जास्त भावलं ते म्हणजे गाडीचा घट्टपणा, स्टिअरिंग जरा वळवलं की नाक लगेच आत, खराब रस्त्यावर एक धक्का आणि विषय संपला, ब्रेक पहिल्या इंचातच पकडतात. मी म्हटलं दादा, हे तर वेगळंच जग आहे, कधी एकदा बुकिंग करते असं झालंय. त्यावर तो म्हणाला, "थांब जरा. तुझी गाडी थकलीय गं, आणि तू तिची तुलना नव्या कोऱ्या गाडीशी करतेयस. आधी तिला ताजी कर, मग ये."

हा मुद्दा मला इतका पटला की पुढचं सगळं त्यावरच ठरलं. आपण गाडी रोज चालवतो ना, त्यामुळे ती किती ढिली झालीय ते कळतच नाही. शॉकअब एका दिवसात जात नाहीत, दर महिन्याला कणभर कमी होतात आणि आपला हात आणि पाठ त्याची सवय करून घेतात. सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी बुश कडक होतात, फुटतात, चाक जिथे असायला हवं तिथून मिलीमीटर-दोन मिलीमीटर हलायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि दमदार ब्रेकिंग झालं की पेडल मऊ. मग आपण नवीन गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतो, तिच्यात हे सगळं ताजं असतं, आणि त्याचं सगळं श्रेय आपण नवीन मॉडेलला देऊन टाकतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा फक्त नवेपणाचा असतो, मॉडेलचा नसतो.

टायरचं तर विचारूच नका. दादाच्या गाडीवर १८ इंची पायलट स्पोर्ट ४, मिशलिनचे स्पोर्ट्स टायर, माझ्या १७ इंची चाकांवर टूरिंगवाले टायर, नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून मी निवांत. पण साइडवॉलवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे ३५१८ असेल तर २०१८ चा ३५ वा आठवडा. तुमच्या गाडीचे आत्ता जाऊन बघा. नक्षी कितीही उरली तरी रबर वयाने कडक होतंच, आणि कडक रबरावर बसून दुसऱ्या गाडीचं हँडलिंग किती भारी ह्याच्यावर मत बनवण्यात काहीच अर्थ नाही.

तर मी गाडी कामाला काढली. चारही शॉकअब, मागचे बुश, दादाच्या टायरच्या दर्जाचे सॉफ्ट समर टायर १७ इंचात, चांगले पॅड, नवीन ब्रेक ऑइल, आणि शेवटी फोर व्हील अलाइनमेंट. अलाइनमेंटची शीट बघितली तर मागच्या दोन चाकांचा टो (वरून बघितलं तर चाक आत की बाहेर वळलंय तो कोन) एकमेकांपासून चांगलाच वेगळा, म्हणूनच डावीकडच्या वळणात गाडी एक वागायची आणि उजवीकडे दुसरं. घरचे म्हणाले विकायची असेल तर एवढा खर्च कशाला. पण नवीन गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि त्यातून आपण नक्की कशासाठी पैसे मोजणार आहोत ते स्वच्छ कळतं, मला तर वाटतं अपग्रेडच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आधी हे करावं. निम्म्या लोकांची नवीन गाडीची भूक इथेच भागेल.

माझी भागली का? बरीचशी. परत दादाच्या गाडीशी अदलाबदल करून त्याच रस्त्यावर चालवली तेव्हा आधीच्या कौतुकाच्या यादीतलं बरंच काही गळून पडलं. ब्रेक सारखेच. खराब रस्त्यावरचा तो एका धक्क्यात संपणारा घट्टपणा माझ्याही गाडीत परत आला, नाक वळायची घाई जवळपास तेवढीच. बॉडीचा फरक मात्र राहिला, तो खरा आहे, वळणात मधेच खड्डा आला की नवीन गाडी विचलित होत नाही आणि जुनीत अंगभर एक थरथर जाते. आणि तिसऱ्या गिअरमधला तो खड्डा, तो तर तसाच. नवीन गाडीत त्याच चढावर, त्याच ६५ च्या स्पीडला ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी निघाली. बस. एवढंच. कसलाही तमाशा नाही, टर्बोसारखा मागून धक्का नाही, पाय जेवढा दाबला तेवढी सरळ ताकद, आणि मग तशीच ७००० च्या पुढेपर्यंत. मला इतकी वर्षं नेमकं हेच हवं होतं.

आता कोणी म्हणेल की हेडर (इंजिनला जोडलेले एक्झॉस्टचे पाइप) बदल, इंजिनचं सॉफ्टवेअर ट्यून करून घे, खड्डा बराचसा भरतो. बरोबर आहे, भरतो, माझाही तो विचार झाला होता, सुपरचार्जरपर्यंत गेले होते मी. पण वयस्कर इंजिन, कॉम्प्रेशन रेशो आधीच १२.५, त्यावर आणखी दाब आणि उष्णता घालायची, प्रदूषणाच्या नियमांचं वेगळं बघायचं, आणि मोडिफाय केलेली गाडी विकताना गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारणार. ज्यांना हे आवडतं त्यांनी जरूर करावं. मला गाडी चालवायची आवड आहे, जुळवत बसायची नाही.

नवीन मॉडेल म्हणजे आपोआप चांगलं असं मी अजिबात मानत नाही हेही सांगते. पोर्शेने २०१६ ला केमनमधलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडर टर्बो बसवलं, ही नवीन ७१८ केमन जास्त वेगवान होती, टॉर्क कितीतरी जास्त, पण आधीच्या ९८१ पिढीचा आवाज गेला तो गेलाच, आणि पुढे २०२० ला तिच्याच जीटीएस प्रकारात चार लिटरचं सहा सिलिंडर त्यांनी परत आणलं ह्यातच काय ते आलं. बीएमडब्ल्यू एम३ ची तीच गोष्ट, ई९२ पिढीतला ८४०० आरपीएमपर्यंत फिरणारा व्ही८ गेला, त्याच्या जागी २०१४ पासून टर्बो सहा सिलिंडर, आकड्यांत नवीन सरस आणि तरीही जुन्याला आजही लोक शोधत फिरतात. पोर्शेच्याच ९११ मध्ये ९९७ पिढीवरून ९९१ पिढीवर जाताना हायड्रॉलिक स्टिअरिंग गेलं, इलेक्ट्रिक आलं. अशा ठिकाणी मी कदाचित जुनीच धरून बसले असते. जीआर८६ मध्ये तो घोळ नाही कारण स्टिअरिंग आधीही इलेक्ट्रिकच होतं, इंजिन अजूनही विनाटर्बो आहे, मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, आणि हाताने ओढायचा हँडब्रेकसुद्धा आहे. म्हणजे जे जपायला हवं होतं ते त्यांनी जपलंय.

काहीच गमवावं लागत नाही असं नाही. जुनीत इंजिनच्या इनटेकपासून केबिनपर्यंत एक नळी आहे, तिच्यातून खरा आवाज आत येतो, जरा घोगरा आहे पण इंजिनचा स्वतःचा आहे. नवीनमध्ये स्पीकरमधून आवाजाची भर घालतात. मला हे नाही आवडलं, मनापासून नाही आवडलं. आणि मधोमध तो मोठा खराखुरा काट्याचा टॅकोमीटर, त्याच्या जागी आता सात इंची स्क्रीन, ट्रॅक मोडला टाकली की आरपीएमची पट्टी येते. वाचायला सोपी आहे हे मान्य, पण काटा तो काटा. ह्या दोन गोष्टींची खंत राहणार.

तरीही घेतेय. जीआर८६, मॅन्युअलच. सेकंड हँड घेणार आहे, आणि बघताना कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते, मी चकाचक पॉलिश केलेल्या गाडीपेक्षा बिलांची फाइल असलेली गाडी आधी बघते. ऑइल कधी बदललं, ट्रॅकवर नेली असेल तर त्यानंतर लगेच बदललं का, चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच वयाचे आहेत का. ट्रॅकवर नेलीय एवढ्यावरून मी गाडी नाकारणार नाही, लपवलं तर मात्र नाकारेन. मॅन्युअल असल्यामुळे एक चौकशी जास्त करावी लागते, चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला की चाकंच इंजिनला रेडलाइनच्या पार फिरवतात, रेव्ह लिमिटर तिथे काहीही करू शकत नाही कारण तो फक्त इंधन तोडतो. त्यामुळे घ्यायच्या आधी स्कॅनर लावून ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) काय नोंद मिळते ती बघून घ्यायची आणि थंड इंजिन स्वतः समोर उभं राहून सुरू करून ऐकायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जायचं.

माझी जीटी८६ विकताना अलाइनमेंटची शीट, शॉकअब-बुशची बिलं, सगळं सोबत देणार आहे. दोन जण बघून गेलेत, त्यातल्या एकाची ही पहिलीच मागच्या चाकांवर चालणारी गाडी असणार आहे, त्याला मी तिसऱ्या गिअरबद्दल आधीच सांगून टाकलं आणि तोच चढ चालवायला दिला. तो म्हणाला मला काही जाणवलं नाही. त्याला द्यायचा विचार आहे.